मागल्या पातीला कोण

माणसं चौदा आणि ओळी पंधरा. खटकलं ते एवढंच.

जान्हवीनं वहीच्या समासात आकडे घातले होते. वरपासून बोट ठेवत तिनं ते पुन्हा मोजले, पुन्हा पंधराच भरले. तिला वाटलं, लिहिताना आपणच एखादी ओळ दोनदा उतरवली असेल. तिच्या हातून असं होतं. कुलूप लागलंय का बघायला ती निम्म्या जिन्यातून परत वर जाते, मोबाईल वाजला तरी दचकते. सूस गावातल्या खोलीत तिच्याबरोबर राहणारी रेश्मा तर मुद्दाम पावलं न वाजवता मागे येऊन उभी राहते आणि मग पोट धरून हसते. पण ओळ दोनदा आलेली नव्हती. पंधराही वेगळ्या होत्या.

"आबा, तुमच्या कापणीला माणसं किती होती म्हणालात?"

"चौदा."

"मग ही पंधरावी ओळ तुमची स्वतःची का?"

"माजी कशाला आसंल?" भिवाजी आबांनी मोतीबिंदूचे डोळे तिच्या आवाजाकडे वळवले. "हाक मारनारा मीच. मी हरवलो तर हाक कोन मारंल?"

आणि ते हसता हसता इतके खोकले, की तिला उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

आता ही ओळींची भानगड काय ते आधी सांगायला हवं. मुळशीच्या या अंगाला भात कापताना भलरी म्हणतात. एकानं पुढं गायचं, बाकीच्यांनी कापता कापता झील धरायची, म्हणजे कंबर मोडल्याचं कळत नाही. हे सगळीकडेच आहे. पण धरणाच्या पाण्यालगतच्या या वाडीत दिवसाच्या शेवटी एक वेगळीच भलरी होती, आणि तिच्यासाठीच जान्हवी पौडच्या पुढं वीस किलोमीटर स्कूटी हाणत तिसऱ्यांदा आली होती.

कार्तिकात दिवस कलला की पाण्यावरून धुकं उठतं आणि खाचरांमध्ये भरतं. भात छातीला लागलेलं, त्यात वाकून कापणारं माणूस दहा हातांवरून दिसत नाही. मग गाणाऱ्यानं बांधावर उभं राहायचं आणि एकेकाची ओळ म्हणायची. नाव घ्यायचं नाही. नाव कोणीही घेऊ शकतं, आणि नावाला कोणीही ओ देऊ शकतं. ओळ मात्र गाणाऱ्यानं त्या त्या माणसासाठी बांधलेली असायची. डावखुऱ्या गड्याची होती, 'डाव्या हाताचा इळा रं, उंबराखाली चमकला'. चिखलात बांगडी हरवून दिवसभर शोधत बसलेल्या रत्नाबाईची, 'हिरवी काचंची चुडी गं, चिखलामंदी शोधती'. ज्याची ओळ त्यानं जिथं असेल तिथून झील द्यायची, 'हाय रं भल, हाय रं भल'. हाय म्हणजे आहे. हजेरीच ती. सगळ्यांचे जबाब आले की मगच सगळ्यांनी मिळून रान सोडायचं.

भिवाजी आबांनी ही हजेरी एक्केचाळीस वर्षं घेतली. शिकले ते ज्याच्याकडून, त्याला ते मास्तर म्हणत. तो मास्तर कधी शाळेची पायरी चढला नव्हता. आबांचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या रानात वाकण्यात आणि गाण्यात गेलं. पंचक्रोशीत कुठंही इर्जिक असली, म्हणजे गावानं मिळून एकाचं रान काढायचं असलं, की आधी भिवाजीला निरोप. मधली काही वर्षं त्यांनी भाताच्या गिरणीत पोती उचलली, तिथंही गायले, मालकानं बंद कर म्हटलं तेव्हा मनात गायले. अलीकडं एका रिसॉर्टवाल्यानं दोन दिवाळ्या बोलावलं होतं.

"फेटा बांधला मला. माज्या डोक्यापरास मोठा," आबांनी मघाशी सांगितलं होतं. "मी भलरी म्हनतोय आन मान्सं जिलेबी खात्यात. झील धरा म्हनलं, तर टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवनाऱ्या मान्साच्या हातात इळा कसा ऱ्हाईल?"

पहिल्या दोन्ही वेळी जान्हवीनं बांधावर ध्वनिमुद्रण केलं आणि दोन्ही वेळी वाऱ्यानं घात केला. लोकगीतं जमवणाऱ्या तिच्या विभागातल्या अमोघ सरांनी शांतपणे सांगितलं, "हे संग्रहात नाही जाणार. खोलीत बसवा, खिडक्या लावा, स्वच्छ घेऊन या. शेवटची संधी समजा." सर ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

म्हणून आज दुपारी जेवणं झाल्यावर तिनं माजघराच्या दोन्ही खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि आबांना पाटावर बसवलं. आबा तयार नव्हते.

"ही छपराखाली म्हनत न्हाईत, बाय. मास्तर शिकवताना सुदिक हितं बसून म्हनला न्हाई. बांधावर नेऊन शिकवलं."

"आबा, एकदाच. माझी नोकरी आहे हो."

त्यांची सून शारदा भांडी घासता घासता म्हणाली, "म्हना की. बिचारी रडंल आता. तोंड बगा तिचं." आणि त्यांना काही ते तोंड दिसत नव्हतं, पण त्यांनी म्हटली. एकेका ओळीनंतर दोन श्वास थांबत होते, जबाब ऐकल्यासारखे. ध्वनिमुद्रण निर्मळ झालं. हेडफोनमध्ये त्यांचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू येत होता.

चार वाजता शारदा पौडला औषधं आणायला निघाली. जाताना तिनं जान्हवीला ओट्यावर बाजूला घेतलं.

"ताई, दोन गोष्टी. मी येईस्तवर आबांस्नी भाईर सोडू नका. दिवस मावळायला लागला की रानाकडं पळत्यात. छातीत कफ हाय, मागल्या महिन्यात चार दिस नळ्या लावल्या हुत्या. डाक्टर म्हनला, गार हवा लागली तर परत आनू नका माज्याकडं, उपेग न्हाई. आन दुसरं... खालचं रान इकलंय आमी. ह्यास्नी अजून सांगितलं न्हाई. तुमच्या तोंडून जायला नगं."

"नाही हो, मी कशाला बोलेन," जान्हवी म्हणाली, आणि त्या क्षणापासून तिच्या जिभेवर ती एकच गोष्ट बसली.

वडापची जीप वळणापलीकडं गेली. घरात दोघंच उरली. मग जान्हवीनं वहीतले आकडे मोजले होते.

"मग पंधरावी कुणाची, आबा?" तिनं खोकला थांबल्यावर विचारलं. वहीतली ओळ तिनं मनातच वाचली. मागल्या पातीला कोन गं, नाव पुसायचं ऱ्हायलं.

आबांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"माजं लगीन व्हऊन दोन सालं झाली हुती. आमी कापत हुतो. ज्याचा त्याचा पट्टा, ज्याची त्याची पात. पार कडंच्या पातीला एक बाई वाकल्याली. पदर फुडं वडल्याला. रत्नाबाईला वाटलं, आमच्या गंगूच्या म्हायेरची आसंल. गंगूला वाटलं, रत्नाबाईची कोनतरी. कापत मातर लई झपझप हुती, म्हनून कुनी इचारलं न्हाई. कापनाऱ्याला कोन इचारतंय? दिवस बुडाला, मी चौदा ओळी म्हनल्या, चौदा मान्सं बांधावर आली. ती आपली वाकल्यालीच. आता मानूस रानात सोडून कसं जायाचं? उभ्या उभ्या तिची ओळ बांदली. म्हनली. जबाब आला."

"मग?"

"जबाब आला. बाई आली न्हाई. जाऊन बगितलं, तर पात सोच्छ कापल्याली. पेंढ्या बांदल्याल्या, पन पीळ उलटा."

बाहेर कुठंतरी टिटवी ओरडली. जान्हवीनं पाय जवळ ओढून घेतले.

"दुसऱ्या दिशी मी तिची ओळ म्हनली न्हाई," आबा म्हणाले. "म्हनलं, कशाला. चौदा जबाब घेतले आन निगालो. वाटंनं चाललो, तर पावलं जास्ती. थांबून मोजलं, मला सोडून चौदा मान्सं. चालाय लागलो की पंधरा. गंगूचा हात बरफावानी. तसंच सगळ्यास्नी माघारी बांधावर नेलं, आन तिची ओळ म्हनली. जबाब रानातनं आला, लांबून. मंग घरी गेलो. त्या दिसापासनं एक साल चुकवलं न्हाई. समदी मान्सं गेली, गंगू गेली, तरी कापनीच्या वक्ताला जातो, पंधरा ओळी म्हनतो. जबाब रानातनं आला म्हंजे ती रानात हाय. न्हाई आला..."

"नाही आला तर?"

"मंग ती कुनासंगं तरी निगाली." त्यांनी मान वर केली. "औंदा कापनी कवा हाय? वाल्मीक काय बोलंना."

वाल्मीक म्हणजे त्यांचा मुलगा, शारदाचा नवरा. मारुंजीला टेंपो चालवतो. जान्हवीनं काहीतरी सोपं बोलायचं ठरवलं आणि नेमकं बोलायला उशीर केला.

"अर्धी... झाली की, आबा. येताना मला दिसली."

"झाली? कुनी केली?"

"यंत्रानं."

"यंत्र," आबा म्हणाले. "यंत्र खाचरात उतरलं कसं? बांध हाय की मदी. कमरंएवढा."

ती गप्प राहिली. आपण गप्प आहोत हे त्यांना ऐकू येतंय, हेही तिला कळलं.

"बांध फोडला." त्यांनी ते स्वतःलाच सांगितलं. "आपला बांध कोन फोडतंय? इकलं म्हन की रान."

"आबा, मला खरंच काही..."

"आसू दे. तुजा काय दोष." थोड्या वेळानं त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "तिला कुनी सांगितलं का?"

जान्हवीच्या मानेवरून काटा गेला.

"च्या कर, बाय. आलं घालून."

बरं झालं, काहीतरी काम मिळालं, असं वाटून ती उठली. आलं ठेचताना माजघरातून काही आवाज येत नव्हता, आणि तिला वाटलं, म्हातारा मनातल्या मनात रडत असेल, रडू दे. चहा गाळून ती दोन कप घेऊन आली तेव्हा पाट रिकामा होता. कोपऱ्यातली काठी नव्हती. दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्याच्या आत गार हवा आली होती.

कप तिनं कुठं ठेवले हे तिला पुढं कधीच आठवलं नाही.

घरापासून रान दीडशे पावलं खाली. उतारावरून तिला पाणी दिसायला हवं होतं, पण पाणी नव्हतं, नुसतं पांढरं होतं. ते पांढरं हळूहळू वर चढत होतं. अजून सहाही वाजले नव्हते. वरच्या अंगाला उन्हाची एक पिवळट रेघ उरली होती, खाली मात्र संध्याकाळ होऊन गेलेली.

"आबा..."

कापलेल्या भाताचा ओला वास आणि त्यात डिझेलचा. पायाखाली आधी मऊ गवत लागलं, मग एकदम उकरलेली माती. इथंच बांध फोडला होता. पांढऱ्या फक्कीची एक सरळ रेघ धुक्यात शिरत होती आणि दगडावर लाल रंगात आकडा टाकला होता.

"आबा, अहो आबा... कुठं आहात?"

उत्तर नाही. ती दोनदा घसरली. शारदाला फोन लावला, तो लागेचना. आपल्याच श्वासाचा आवाज तिला इतका मोठा ऐकू येत होता, की दुसरं कोणी श्वास घेत असेल तर कळणारही नाही, असं तिच्या मनात आलं आणि ती श्वास धरून उभी राहिली. तेव्हा तो खोकला ऐकू आला. उजवीकडं, जवळच.

फुटलेल्या बांधाचा एक तुकडा शाबूत राहिला होता. आबा त्यावर काठी रोवून उभे होते. अंगात नुसती बंडी. पुढं उरलेलं अर्धं भात, न कापलेलं, धुक्यात अर्धं बुडालेलं.

"आबा, चला. चला घरी. मी हाका मारतेय केव्हाची, ओ तरी द्यायची."

"रानात ओ देत न्हाईत," ते म्हणाले. आवाज फुटत नव्हता, नुसती हवा येत होती. तिनं आपली ओढणी त्यांच्या खांद्यावर टाकली, दंडाला धरून ओढलं. दंड गार होता, आणि म्हातारा काठीसारखाच मातीत रोवलेला होता. एवढ्या हाडांच्या माणसात इतका जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"गळा बसला. दोन ओळी म्हनल्या, फुडं निगंना. तू म्हन."

"मी? आबा, मला नाही येत. तुम्हाला गार हवा..."

"वहीत लिवल्यात न्हवं? म्हन. पंधरा जबाब आले की येतो. न्हाईतर न्हाई येत. आसाच कसा येऊ? ती मागनं घरी आली तर? शारदा यील आता."

त्यांच्या छातीतून घरघर ऐकू येत होती, धाप लागल्यावर लागते तशी, पण ते तर नुसते उभे होते. डाक्टर म्हनला, परत आनू नका. जान्हवीनं वही उघडली. वही आपण बरोबर आणलीय हे तिला आत्ता कळलं. मोबाईलचा उजेड पानावर धरला आणि कॉलेजच्या संमेलनातही कधी गायली नव्हती ती मुलगी गायला लागली.

"डाव्या हाताचा इळा रं, उंबराखाली चमकला..."

काही नाही. भात हलत नव्हतं. आबांनी मात्र मान कलती केली, दोन श्वास थांबले, आणि समाधानानं म्हणाले, "हाय. फुडं."

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. हेच बरं, असं तिनं स्वतःला बजावलं. म्हाताऱ्याच्या कानात जुनं काहीतरी वाजतंय, वाजू दे. तिसरी झाली, चौथी झाली. हाय. हाय. रत्नाबाईच्या ओळीला तर ते हसले. "आजून शोधतीया," म्हणाले. बारावी ओळ त्यांच्या बायकोची, गंगूबाईची होती, 'भाकरीची पाटी गं, बांधाबांधानं कोन आली'. तिथं ते नेहमीपेक्षा जास्त थांबले, आणि हाय म्हणताना त्यांचा आवाज जरा चांगला निघाला.

चौदा झाल्या. जान्हवीचे दात वाजत होते, पण आता एकच उरली होती. हीही ते ऐकतील, हाय म्हणतील, आणि आपण घरी जाऊ.

"मागल्या पातीला कोन गं, नाव पुसायचं ऱ्हायलं..."

एक श्वास. दोन श्वास. आबांची मान कलती. तीन. चार.

"आबा?"

"न्हाई आला."

"आला असेल हो, तुम्हाला नसेल..."

"न्हाई आला. परत म्हन."

तिनं परत म्हटली. धुकं आता कमरेला लागलं होतं. आबांचा हात तिच्या मनगटावर आला आणि घट्ट बसला. त्यांचे ओठ निळसर दिसत होते, की उजेडच तसा होता.

"रानात न्हाई," ते म्हणाले. "रानात न्हाई ती. बाय... आज कुनी हाक मारली हुती का तिला?"

आज दुपारी, खिडक्या लावून, पंखा बंद करून. एकदाच, आबा. माझी नोकरी आहे हो.

"आपण म्हटली होती ना," तिनं कसंबसं सांगितलं. "दुपारी. माजघरात."

आबांनी मान घराच्या बाजूला वळवली.

तेवढ्यात वर वळणावर उजेड फिरला. वडाप थांबल्याचा, दार आपटल्याचा आवाज आला, आणि मग एक लहान बॅटरी घराच्या दिशेनं हलायला लागली. शारदा. जान्हवीला एकदम हलकं वाटलं. माणूस आलं, आता दोघी मिळून यांना उचलून नेऊ. तिनं शारदाच्या नावानं हाक घातली, पण बॅटरी थांबली नाही, घरालाच चालली होती. आणि इकडं आबा खालच्या आवाजात म्हणत होते, "शारदाला आत जाऊ देऊ नगं... म्हन, म्हन लवकर, म्हंजे कळंल तरी कुटं हाय ती."

ते खरं मानून की म्हाताऱ्याला हलवायचा दुसरा इलाज नाही म्हणून, हे काही सांगता यायचं नाही. जान्हवीनं वही मिटली. ओळ आता पाठ झाली होती. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला.

"मागल्या पातीला कोन गं, नाव पुसायचं ऱ्हायलं..."

बॅटरी घराच्या पायऱ्यांशी पोचली होती. ती तिथंच थांबली. म्हणजे शारदालाही ऐकू आलं असणार.

जबाब आला होता. बाईचा आवाज, घाई नसलेला, कामातून मान वर न करता दिल्यासारखा, हाय रं भल, हाय रं भल. आणि वर घराकडून, दीडशे पावलांवरून, मोकळ्या हवेतून, धुक्यातून येऊनही त्या आवाजात वारा नव्हता. खिडक्या लावलेल्या खोलीत बसून म्हटल्यासारखा तो निर्मळ होता.